बॅटरी संपली की

२४.३… २४.१… २४.४. ध्वनिमापकाच्या काडेपेटीएवढ्या पडद्यावर आकडे थरथरत होते आणि त्याने श्वास रोखून धरला होता, कारण इतक्या शांततेत आपला श्वासही मोजला जातो. खिडकी बंद, छताचा पंखा बंद, दाराखालच्या फटीत टॉवेल. लॅपटॉपच्या पोटातला पंखा तेवढा फिरत होता आणि फक्त त्याचाच आवाज हवा होता. मग एकदम ३६.८. पलंगावर बसलेल्या ताईने पाणी गिळलं होतं.

"गिळायचंपण नाही का?"

५४.

"दोन मिनिटं, ताई."

"तुझी दोन मिनिटं मी लहानपणापासून ओळखते, शास्त्रज्ञ."

तिने तासाभरापूर्वी, शनिवारी सकाळी, पिशवी खाली ठेवायच्या आधीच विचारून टाकलं होतं. तिला दुसऱ्या शहरातल्या इस्पितळात एक वर्षाच्या प्रशिक्षणाची जागा मिळाली होती. सोमवारी दहापर्यंत हो-नाही कळवायचं होतं. तेवढं एक वर्ष तू बाबांजवळ राहशील का? बाबा तीन वर्षांपासून अंथरुणावर, दर दोन तासांनी त्यांची कूस बदलावी लागते, आत्ता दोन दिवसांपुरती मावशी येऊन राहिली आहे… हे सगळं तिने एका दमात सांगितलं, पाठ केल्यासारखं, आणि मग त्याच्याकडे न बघता चपलेचा पट्टा सोडत बसली.

तो म्हणाला होता, "बॅटरीची चाचणी सुरू करायची आहे. मधे सोडता येत नाही. बॅटरी संपली की निवांत बोलू. आठपर्यंत संपेलच."

तिने मान हलवली. डॉक्टरांपुढे हलवतात तशी.

सोमवार ते शुक्रवार तो विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत असायचा – प्रबंधाचं सहावं वर्ष. शनिवार-रविवारी एका संकेतस्थळासाठी लॅपटॉप तपासायचा. खोक्यातून यंत्र यायचं, दोन दिवस त्याच्या टेबलावर नांदायचं आणि सोमवारी परत जायचं. वसतिगृहात त्याच्या खोलीला सगळे 'माहेर' म्हणायचे. बॅटरीच्या चाचणीचा नियम त्याने स्वतःच घातला होता : पडद्याचा उजेड ठरलेला, इंटरनेट बंद, आवाज बंद आणि यंत्र मरेपर्यंत एकच सिनेमा पुन्हापुन्हा. चार वर्षं तोच सिनेमा. बदलला तर आधीचे सगळे आकडे वाया जाणार, तुलनाच करता येणार नाही. एके काळी तो दिवसाला तीन-तीन सिनेमे बघायचा, मित्रांबरोबर जिन्यात बसून शेवटच्या दृश्यावरून तावातावाने भांडायचा… आता त्याला हा एकच सिनेमा माहीत होता, आणि तोही टक्क्यांनी. ट्रक बंद पडतो तेव्हा सत्त्याण्णव. ड्रायव्हरला खाणावळवाली बाई भेटते तेव्हा त्र्याण्णव.

अकरा वाजता त्याने चाचणी सुरू केली आणि खुर्ची टेबलापलीकडे ओढून बसला. पडदा ताईच्या बाजूला होता. ती बघू लागली.

"आवाज?"

"आवाज नसतो."

"बरं झालं. मीच घालते." आणि ती घालू लागली. ड्रायव्हर गावातल्या गॅरेजसमोर उभा होता, त्याच्या ट्रकचा सुटा भाग कुठूनतरी यायचा होता. ताई जाड आवाजात म्हणाली, "भाग आल्याशिवाय मी निघू शकत नाही हो बाई. काय करू." मग बारीक आवाजात, "बसा मग. तुमच्यासारखाच एक भाऊ आहे मला. त्याचाही भाग येतोच आहे, सहा वर्षं झाली."

त्याला हसू आलं, आणि लगेच हसू आल्याचा राग आला. प्रबंधाच्या फाइलचं नाव 'शेवटचा-मसुदा-नऊ' होतं. ही गोष्ट ताईला माहीत असायचं कारण नव्हतं.

सिनेमा संपायच्या थोडं आधी ती उठली. उठली आणि खोलीच्या मधोमध थांबली, हात पुढे करून, जणू तिथे काहीतरी असायला हवं होतं. मग हसली. "सवय," ती म्हणाली. "दोन तास होत आले ना." आणि परत बसून शेवट बघितला. तीन वर्षांत बघितलेला पहिला शेवट, असं म्हणाली. लहानपणी तीच त्याला सिनेमाला न्यायची, तो मध्यंतरानंतर झोपायचा, आणि घरी येताना रस्ताभर ती उरलेला सिनेमा सांगायची – नट, नट्या, मारामारी, सगळं करून दाखवत. कितीतरी सिनेमांचे शेवट त्याच्या डोक्यात तिच्याच आवाजात होते. सिनेमा पुन्हा सुरू झाला. ती पाय पोटाशी घेऊन पुन्हा बघू लागली.

संध्याकाळी सहाला त्याने आपल्या जुन्या लॅपटॉपवर नोंदी उघडल्या. दुपारी दोन वीसला एकाहत्तर टक्के. तीनला बहात्तर. साडेचारला शहात्तर. तो आकड्यांकडे बघत राहिला. बॅटरी भरत होती. दोन वीस… दोन वीसला त्याने लॅपटॉपच्या तळाचं तापमान घ्यायला हब लावला होता – एका वायरीच्या चार वायरी करणारी डबी – आणि त्या डबीला भिंतीतून वीज होती. डबी तीच वीज लॅपटॉपलाही देत होती. पहिल्या वर्षाच्या पोरानेही केली नसती अशी चूक. चाचणी तिथेच संपली होती, साडेतीन तासांपूर्वी. वायर काढायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. एवढंच.

एवढंच… पण वायर काढली की चाचणी संपली, आणि चाचणी संपली की… त्याने नोंदींची खिडकी हळूच बंद केली. तो काढणार होता. शपथेवर सांगता आलं असतं, हात टेबलाखाली गेलाही होता, वायरीपर्यंत. मग बोटांनी वायरीवरची धूळ पुसली आणि हात परत आला.

आठ वाजता ताई म्हणाली, "आठ वाजले."

"अजून बरीच शिल्लक आहे."

"चांगलं यंत्र दिसतंय."

"हो," तो म्हणाला. "चांगलं आहे."

सुट्टीवर गेलेल्या मित्राची शेजारची खोली त्याने तिला झोपायला उघडून दिली. रविवारी सकाळी ती आली, अंडा-पाव खाल्ला आणि पलंगावर आपल्या जागी बसली, नोकरीवर आल्यासारखी. ड्रायव्हर पुन्हा गॅरेजसमोर उभा होता. आता ती संवाद घालत नव्हती. बॅटरी शंभर टक्के. त्याने दोन उत्तरं तयार केली होती. एकात कारणं होती : मार्गदर्शक, मुदतवाढ, एक वर्ष सोडलं तर परत घेतीलच असं नाही. दुसऱ्यात अटी होत्या. दोन्ही बरोबर होती. दोन्ही त्याने मनात इतक्यांदा म्हणून बघितली होती की आता ती कुणा दुसऱ्याची वाटत होती, आणि खोलीची हवा तापली होती, आणि टॉवेल अजून दाराखालीच होता, आणि ती एकदाही विचारत नव्हती. विचारलं असतं तर चिडता तरी आलं असतं. बस चारला होती. अडीचला तिने पिशवी भरली.

"ताई," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला लांबून आला. "ती चाचणी कालच बाद झाली. ती वायर… लॅपटॉप चार्ज होतोय."

"हो," ती म्हणाली.

"हो म्हणजे?"

"तुझ्या बाजूने दिसत नाही. इकडे, वायर शिरते तिथे बारीक पांढरा दिवा आहे. काल दुपारपासून लागलाय." पिशवीची चेन अडकली होती, ती ओढत राहिली. "बाबांच्या हवेच्या गादीला पंप आहे ना, त्यालाही तसाच दिवा असतो. तो विझला तर झोपेतसुद्धा कळतं मला."

"मग बोलली का नाहीस?"

चेन सुटली. तिने पिशवी पायाशी ठेवली. "आधी वाटलं, तुला माहीत असेल. तू मुद्दाम लावली असशील. रागपण आला." मग तिने पडद्याकडे बघितलं. "नंतर म्हटलं, चालू दे. मलातरी कुठे उठायचं होतं."

त्याने वायर काढली. काहीच झालं नाही. खाणावळवाली बाई टेबल पुसत राहिली. कारणं आणि अटी दोन्ही त्याने मनात शोधली, तर वाक्यं होती, पण ती जिच्यासाठी जुळवली होती ती दोन दिवस वाट बघणारी, दार अडवून बसलेली ताई या खोलीत नव्हतीच. इथे एक दमलेली बाई होती, घरच्या पंपाच्या दिव्याकडे पाठ करून सिनेमा बघणारी. दार मग कोणी अडवलं होतं? घरी गेल्यावर बाबांच्या खोलीच्या उंबऱ्यात उभा राहून तो "कसं काय?" म्हणायचा आणि अर्ध्या तासाने प्रवासाचा शीण सांगून झोपायचा. आत जाऊन त्यांना हात लावल्याचं त्याला आठवेना. कूस बदलताना खांद्याखाली एक हात घालत असतील, कंबरेखाली दुसरा…

"बाबांचं वजन किती आहे आता?"

कालपासून पहिल्यांदाच ताईने पडद्यावरून नजर काढून सरळ त्याच्याकडे बघितलं. हे 'हो' नव्हतं, हे त्याला माहीत होतं, तिलाही माहीत असावं. प्रश्न परत घ्यावा असं त्याला वाटलं, आणि तिने उत्तर द्यायच्या आत त्याच्या दोन्ही दंडांत, काहीही उचललेलं नसताना, कळ आली.