टपावरचं पान

लीलाधरचं नाव काढलं की अजून माझं डोकं फिरतं. जीवराम आबांचा जावई तो. जळगावला इंजिनियर झाला आणि आबांच्या केळीच्या गाड्यांचा कारभार बघायला रावेरात येऊन बसला. मी झुलाल, धुळ्याच्या देवपूरचा. आबांची रावेर-सुरत गाडी माझ्याकडे होती, दुसरं कुणी त्या स्टेअरिंगला हात लावत नसे. ह्याच लीलाधरचं वऱ्हाड मी माझ्या गाडीतून आणून मांडवाच्या दारात उतरवलं होतं. भुसावळलाच उतरवून दिलं असतं तर बरं झालं असतं.

सत्त्याण्णवच्या मे महिन्यात त्याने माझ्या केबिनच्या टपावर वाटीएवढी पांढरी डबी बसवली. तिची वायर खाली माझ्या पायाजवळ एका कुलूपबंद पेटीत गेली होती.

"आभाळात उपग्रह फिरतात, झुलालभाऊ," तो गोड आवाजात म्हणाला. "त्यांच्यावरून ह्या डबीला कळतं गाडी कुठे आहे. पेटी ते लक्षात ठेवते. तुम्ही परत आलात की मी पेटी कॉम्प्युटरला जोडणार, आणि गाडी कुठून कुठे गेली त्याची रेघ नकाशावर उमटणार."

"मलाच विचारत जा की. तोंडाने सांगतो. वायर लागत नाही."

"विचारलं असतं हो. पण सुरतेचा व्यापारी दर फेरीला माल कमी आला म्हणून रडतो."

म्हणजे काय, ते न कळायला मी काही दूधखुळा नव्हतो. पण आबा शेजारी उभे होते, म्हणून जीभ आवरली.

आता आमच्याकडची रीत सांगतो. आम्ही पहाटे भरून निघायचो. घड रचून झाले की केबिनच्या टपावर केळीची ओली पानं थराने अंथरायची, वरून भिजलेलं पोतं बांधायचं. मे महिन्यात पत्रा असा तापतो की आत माणूस शिजून निघेल, त्यावर हा आमचा इलाज. पहिलं पान आबा स्वतः ठेवायचे. पायरीवर चढायचे, पान टाकायचे, उतरून मला म्हणायचे, "जा. आता गाडी तुझी." तेवढं ऐकल्याशिवाय मी चावी फिरवत नसे. नवापूरच्या नाक्याअलीकडे पानं वाळून खडखडीत व्हायची, मग ती उतरवून तिथल्या गुरांना टाकायची.

त्या दिवशी आबा पान घेऊन चढले, तर समोर ती डबी. त्यांनी आमच्या हमालाला हाक मारली. "नथ्थू, यंत्र आहे रे ते, उन्हाने बिघडेल. त्याच्यावर चार पानं जास्तीची टाक." नथ्थूने लेकराला पांघरूण घालावं तशी डबी झाकली आणि वर पोतं करकचून आवळलं. लीलाधर तेव्हा आत पंख्याखाली बसला होता. बाहेर आला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

मी सुरतेला माल उतरवून परत आलो. लीलाधरने पेटी उघडली, कॉम्प्युटरला जोडली आणि सगळ्यांना बोलावून घेतलं. आबा आले, नथ्थू आला, घड तोडणारी माणसंही दारात गोळा झाली. तमाशाच करायचा होता त्याला.

पडद्यावर नकाशा होता. परतीची रेघ नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, जळगाव अशी रस्त्याने आली होती. जातानाची रेघ मात्र रावेरहून निघाली ती सुतळी ताणल्यासारखी थेट नवापूरला. मध्ये धुळं नाही, जळगाव नाही. लीलाधरने त्या रेघेवर बोट फिरवत आणलं आणि शिंदखेड्यापाशी थांबवलं.

"तुमची सासुरवाडी कुठली, झुलालभाऊ?"

"शिंदखेड्याकडची. का?"

"काही नाही. रेघ तिथून गेली, म्हणून विचारलं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "ती रेघ तापीवरून पण गेली. तिथं पूल दाखव मला. केळीची गाडी पोहत गेली का?"

"ते तुम्ही सांगा. मधल्या जागाच पेटीत नाहीत. डबी तीच, पेटी तीच, येताना सगळं ठीक. मग जातानाच काय बिघडलं? एक तर गाडी आडवाटेने गेली, नाही तर तुम्ही वायर उपटली. कसंही धरा, माल उतरवायला मोकळे."

दारातली माणसं माझ्याकडे बघायला लागली. रावेरात, सावद्यात, फैजपुरात सगळे केळीवाले एकमेकांचे सोयरे. ड्रायव्हर चोर आहे असं एकाने म्हटलं की दुसरा कुणी त्याच्या हातात किल्ली देत नाही. मी लीलाधरला सोडलं आणि आबांकडे वळलो. रागात माझी घरची बोली तोंडात आली.

"आबा, मी चोर शे का?"

नाही म्हणायला किती वेळ लागतो? आबांनी उपरणं झटकलं, खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "पुढच्या फेरीला मी बसतो तुझ्याशेजारी."

त्या पहाटेही त्यांनी पान ठेवलं. सवयीने म्हणालेही, "जा. आता गाडी तुझी." आणि मग पलीकडून चढून शेजारी बसले. मला हसूच आलं, कडू.

 एरंडोलला चहा घेतला, तो मी बाहेर उभ्याने घेतला. मी गिअरकडे हात नेला की आबांची नजर त्या हाताबरोबर वायरीकडे जायची. धुळ्यात देवपूरकडे वळायचा रस्ता आला, मी मान वळवली नाही. एरवी हेच आबा म्हणायचे, घरी डोकावून ये, पोरांना केळीच्या फण्या देऊन ये. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले. नवापूरला मी पानं उतरवली, तीही त्यांच्यासमोर.

परत आल्यावर लीलाधरने पेटी जोडली. जातानाची रेघ पुन्हा तशीच. रावेरहून सरळ, तापीवरून, शिंदखेड्याजवळून, नवापूर.

"विचार आता तुझ्या सासऱ्याला," मी म्हटलं. "शिंदखेड्याला किती घड उतरवले? जेवायला काय होतं?"

नथ्थू तोंडाला टॉवेल लावून हसला. आबा नाही हसले. "फोन लाव त्या डबीवाल्याला," ते जावयाला म्हणाले.

लीलाधर फोनवर हो हो करत राहिला. मग म्हणाला, "हो, झाकलेली असते. पानांनी. केळीच्या. ओल्या." त्यानंतर नुसताच ऐकत होता, आणि त्याचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून तो खालमानेने म्हणाला, "डबीला उघडं आभाळ लागतं. वर ओला थर असला की तिला सिग्नल पोचत नाही. मग मधली वाट कळत नाही, कॉम्प्युटर दोन टोकं जोडून टाकतो. गैरसमज झाला."

गैरसमज. चहा सांडल्यासारखं म्हणाला मेला. चार माणसांत चोर ठरवताना जो आवाज होता, तो आता कुठे गेला होता देव जाणे. पण मला त्याच्याकडून काही नको होतं. मी आबांकडे बघत होतो. आबा म्हणाले, "चला, भरायचं बघा."

दुसऱ्या पहाटे गाडी भरली. आबा पान घेऊन पायरीवर चढले. ह्या वेळी लीलाधर बाहेर उभा होता.

"आबा, डबी उघडी राहू द्या," तो म्हणाला.

आबा पान हातात धरून थांबले. मी स्टेअरिंगवर बसून वाट बघत होतो. डबी काढून फेक म्हणतील, असं मला वाटलं होतं. खरंच वाटलं होतं. त्यांनी पान मागे घडांवर ठेवलं, खाली उतरले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "जा."

पुढचे शब्द आले नाहीत. नथ्थू पानांचा भारा घेऊन तसाच उभा राहिला.

मी उतरलो आणि किल्ली आबांच्या हातावर ठेवली. "आबा, मी चोर नाही, हे तुम्हाला कळलं. तरी डबी उघडीच ठेवली."

"दिवस तसे आलेत रे, झुलाल. तुझ्यावर नाही काही."

"असतील. मग डबीलाच चालवू द्या गाडी."

घडांवरचं आबांचं पान मी ओढून घेतलं. ऊन चढायला लागलं होतं. पान डोक्यावर धरून मी एस.टी. स्टँडकडे चालू लागलो. मागून आबांनी हाक मारली असती, तर मी थांबलो असतो.