खिडकीजवळच्या टेबलाची वही

मला या वाचनालयात चोवीस वर्षं झाली. पहिली पंधरा वर्षं लोक माझ्याकडे पुस्तकं मागायला येत. आता येतात ते अर्ज भरून घ्यायला, डॉक्टरचा रिपोर्ट वाचून घ्यायला, लांबच्या मुलाला पत्र लिहून घ्यायला, नाहीतर नुसतं रडायला. सुरुवातीला माझं डोकं फिरायचं. मी ग्रंथपाल आहे की सगळ्या गावाची आत्याबाई? मग एके दिवशी खिडकीजवळचं टेबल मी त्याच कामासाठी मोकळं केलं आणि स्वतःला बजावलं, इथे बोललेलं इथेच राहील.

पण वय झालं, आठवण दगा देते. म्हणून एक वही केली. कोणाचं काय काम, कुठवर आलं, एवढंच त्यात. कुणाच्या हाती पडली तर बोभाटा नको, म्हणून काम शब्दांत लिहायचंच नाही. त्या विषयाच्या पुस्तकांवर आम्ही जो क्रमांक चिकटवतो, तो लिहायचा. पेन्शनवाले आजोबा, ६१६, म्हणजे आजारपण. बेकरीवाला, ३६२, म्हणजे मुलाचं व्यसन. स्वतःच्या हुशारीचं मला कोण कौतुक! वाचनालयात काम केलेला कुणीही ती वही वर्तमानपत्रासारखी घडाघडा वाचेल, हे काही माझ्या टाळक्यात शिरलं नाही. त्या इमारतीत असं माझ्याशिवाय एकच माणूस होतं, आणि ते मी माझं समजत होते.

तिला सगळे बारकी म्हणतात. चाळिशी उलटली तरी बारकीच. नऊ वर्षांपूर्वी सहायक म्हणून आली तेव्हा तिला कार्डावर तारीख घालता येत नव्हती. क्रमांक मी शिकवले, नोंदी मी शिकवल्या, अक्षरसुद्धा मीच सुधारून घेतलं. तिच्या आजारपणात मी दोन महिने दोघींचं काम ओढलं आणि तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

वहीत एक नोंद होती: ‘शिवणवाली, ३४६.०१६६. पाकीट संदर्भ विभागात, कोशाच्या खंड ७ मागे.’ तो क्रमांक घटस्फोटाचा. शिवणवाली मंगळवारी आणि शुक्रवारी शिवणकामाची पुस्तकं बदलायला म्हणून यायची. नवरा हात उचलणारा. तिची प्रमाणपत्रं तो एकदा फाडायला निघाला होता. तेव्हापासून सगळे कागद माझ्याकडे होते: तिची प्रमाणपत्रं, मुलीचा जन्मदाखला आणि दुसऱ्या गावातल्या शिवणशाळेचं नोकरीचं पत्र. एक तारखेला हजर व्हायचं होतं. मुलीला घेऊन ती गुपचूप निघणार होती. अकरा दिवस उरले होते.

आणि तिचे मोठे दीर आमच्या वाचनालयाच्या समितीवर होते.

समितीने गेल्या महिन्यात मला विचारलं होतं, पुस्तकं जातात किती? मी सांगितलं, महिन्याला एकशे बारा. “मग एवढ्याला दोन माणसं आणि अख्खी इमारत?” अध्यक्ष म्हणाले. मी म्हटलं, लोक दुसऱ्या कामांना येतात.

“कोण लोक? कसली कामं? यादी द्या.”

“यादी मिळणार नाही.”

“मग आम्ही काय समजायचं?”

“मी दिवसभर माश्या मारते असं समजा,” म्हणून मी उठले. बारकी दाराशी उभी होती. तिने माझा हात दाबला. मला वाटलं, ही तरी आपली आहे.

आज दुपारी पुन्हा सभा भरली. मी बसते न बसते तोच बारकीने सगळ्यांपुढे छापील कागद ठेवले. मी वर पाहिलं, खाली पाहिलं. माझीच वही. नावं तशीच, आणि क्रमांकांच्या जागी सरळ शब्द; शिवणवालीपुढे ‘घटस्फोट, कागद सांभाळणे’, फक्त पाकिटाची जागा तेवढी गाळलेली. दीर एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत होते. ते बोट मध्येच थांबलं. त्यांनी कागदाची घडी केली, खिशात घातली आणि कुणाला काही न सांगता बाहेर पडले. अध्यक्ष मात्र खूश. वाचनालय चालू राहणार होतं, आणि बारकी आता ‘सेवा समन्वयक’ होणार होती.

“केसाने गळा कापलास गं!” मी तिला जिन्यात गाठून म्हटलं.

“ताई, कुलूप लागलं असतं इथे. तुम्ही तत्त्व कवटाळून बसलात, मी वाचवलं.”

“पण नावं कशाला दिलीस?”

“नावांशिवाय कुणाला खरं वाटलं असतं?”

तिच्याशी वाद घालायला मला वेळ नव्हता. शिवणवालीचा फोन बंद येत होता. आधी तिला सावध करावं म्हणून मी तिच्या दुकानापर्यंत धावत गेले. दुकानाला कुलूप. मशीनवर कापड तसंच अडकलेलं काचेतून दिसत होतं. धापा टाकत परतले, तर ती खिडकीजवळच्या टेबलाशी उभी होती. शेजारी मोठे दीर.

“हिचे काही कागद तुमच्याकडे आहेत,” ते शांतपणे म्हणाले. “द्या.”

“इथे पुस्तकं असतात,” मी म्हटलं. “कागद नाहीत.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्या टेबलाशी खोटं बोलले. शिवणवालीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नजरेत जरा धुगधुगी आली.

“अहो ताई, विसरलात?” मागून बारकीचा आवाज आला. उत्साही, मदतीला धावलेला. “सातव्या खंडामागे नाही का!” आणि मी वळेपर्यंत ती पाकीट घेऊन आलीसुद्धा. दिरांनी उघडून कागद मोजल्यासारखे पाहिले, नोकरीचं पत्र बाजूला काढलं आणि तिथेच फाडलं. बाकीचे कोटात घातले.

 

“लिहून ठेवलं होतंत, ताई?” शिवणवालीने विचारलं.

“हो.” बारकीचं नाव जिभेवर आलं होतं. पण वही माझी होती.

“मी आईलासुद्धा सांगितलं नव्हतं,” ती म्हणाली. तिने वाचनालयाचं कार्ड टेबलावर ठेवलं आणि दिरांच्या पुढे चालू लागली.

दार लागलं. बारकीने टेबलाशी खुर्ची ओढली आणि नवं रजिस्टर उघडलं. समितीने आखून दिलेले रकाने: नाव, काम, शेवटी ‘समाधान झाले का?’ तिने लिहिलं, शिवणवाली. कागद परत दिले. मग जराशी थांबली, माझ्याकडे न पाहता शेवटच्या रकान्यात ‘हो’ लिहिलं.

अक्षर सुरेख होतं. मीच वळण लावलेलं.