लाकडी पळीचा आवाज

दुपारपर्यंत कोल्ह्यांचे सगळे पिंजरे रिकामे झाले. फक्त राउहा, कळपातली म्हातारी कोल्हीण, साथीमुळे जनावरं मारायला आलेल्या माणसांच्या हातून निसटली आणि नदीकाठच्या झाडीत शिरली. पांढऱ्या झग्यातली जनावरांची सरकारी डॉक्टर कोल्ह्यांच्या मालकिणीपाशी, हेल्लेवीपाशी आली. राउहा सापडली नाही तर साथ रानात पसरेल, शेजारच्या ओइवाच्या पिंजऱ्यांतही जाईल, म्हणाली. आमच्या हाकेला ती येणार नाही, तुमच्या येईल.

अंगणात कोल्ह्यांना घालायच्या लगद्याचा वास अजून होता, मासळीचा, उग्र. या वासावरून शाळेतली पोरं हेल्लेवीला चिडवायची, आणि निम्म्या पोरांच्या अंगाला तोच वास असायचा. नदीचा बर्फ फुटला की बाबा पत्र्याच्या बादलीवर लाकडी पळी आपटायचे. ठक, ठक. छपराखालचे सगळे कोल्हे उठून उभे राहायचे. पण पहिली पळी कुरव पक्ष्यांना. "पाहुणे आलेत, आधी त्यांना वाढ," बाबा म्हणायचे. घरोघरी हेच.

यंदा त्याच कुरवांनी ही तापाची साथ आणली. उघड्या छपरांना जाळी लावायची गोष्ट दर हिवाळ्यात निघायची आणि कॉफीबरोबर संपायची. या कोल्ह्यांच्या केसाळ कातड्याचे कोट घालणाऱ्या बायका इथं कधी फिरकल्या नाहीत, कोटांवर थुंकणारेही नाहीत. मारणारे तेवढे वेळेवर आले.

पायरीवर बसलेला थोरला भाऊ आर्मास म्हणाला, "जाऊ दे तिला. जन्मभर पिंजऱ्याच्या जाळीवर उभी राहिली. निदान झाडाखाली मरू दे."

"आणि ओइवाची जनावरं?"

"ओइवाच्या बापानं कुंपण आपल्या जमिनीत सरकवलं होतं."

"म्हणून त्याचे कोल्हे मारू का, दादा?"

"चूक तुझीच. तिला राउहाआत्याचं नाव दिलंस. आत्या तरी कुणाच्या हाती लागली होती?"

हेल्लेवीला हसू आलं, तसंच विरलं. सकाळी राउहाची मान एका बाजूला वळलेली तिनं पाहिली होती. मागचे पाय लटपटत होते. झाडाखाली ती निवांत मरणार नव्हती, गोल गोल फिरत मरणार होती.

हेल्लेवीनं मास्क लावला. तळाशी उरलेल्या लगद्याची बादली उचलली आणि बाबांची पळी तिच्यावर आपटली. ठक, ठक.

आधी कुरव आले, छपरावर रांगेनं बसले. मग झाडीतून राउहा आली. वाकडी मान, अडखळती चाल, पण सरळ तिच्याकडेच.

डॉक्टर पुढं सरकली. हेल्लेवी म्हणाली, "थांबा. आधी खाऊ द्या तिला."

पहिली पळी राउहाची झाली. तिनं थोडंसं चाटलं. कुरव वाट बघत बसले. त्यांना कुणी वाढलं नाही.

सगळं आटोपल्यावर डॉक्टर हळू आवाजात म्हणाली, लाकूड धुऊन भागत नाही, पळीही जाळावी लागेल. तिनं हात पुढं केला. हेल्लेवीनं पळी तिच्या हातात दिली नाही. स्वतः नेऊन जाळायला ठेवलेल्या राउहाच्या शेजारी ठेवली.