उपाशी सब्जा

सप्टेंबरात क्रुसाचा सण येतो तेव्हा ग्रीसमध्ये अंगणोअंगणी सब्जा फुललेला असतो. दक्षिण गोलार्धातल्या थेव्हनार्डच्या बंदरावर मात्र हिवाळा पुरता सरलेला नसतो. तरीही इथल्या ग्रीक चर्चमध्ये क्रुसाखाली दरवर्षी ताजा सब्जा अंथरला जाई. तो साकेलारिसच्या काचघरातला. तळाशी घोड्याची ताजी लीद, तिच्या उबेवर मातीचा थर, वर चिमूटभर राख. बस्स, एवढंच.

"अरे, खायला घाल की त्यांना," त्याची बायको थेमेलिना त्याला टोचायची. "रोपं आहेत का उपास धरलेले साधू?"

"ह्या घरात खाऊन फुगायला मी एकटा पुरे आहे," तो पोटावरून हात फिरवत म्हणायचा. गंमतीपलीकडे त्याने कधी काही सांगितलं नाही, तिनेही कधी विचारलं नाही.

मार्चमध्ये तो गेला. मदतीच्या भरात लेकीने त्याचे सगळे कपडे धुऊन टाकले, उशीचा अभ्रासुद्धा. संध्याकाळी तो दारात येण्याआधी घरात शिरणारा सब्जाचा वास आता उरला असेल तर त्याच्या बियाण्यातच, हे थेमेलिनाने मनाशी धरलं. सणाच्या सब्जाची एक डहाळी त्याच्या थडग्यावर ठेवायची, एवढंच तिला हवं होतं.

तिने लीद अंथरली, बी पेरलं आणि रोपांना पोटभर खायला घातलं. कोंबडीखत भिजवून त्याचं पाणी दिलं. मासळीची डोकी, आतडी कुजवून ती मुळाशी घातली. एवढं घालूनही जोम न धरणारी चार-दोन किरटी रोपं उपटून उकिरड्यावर टाकली. बाकीची बघता बघता तरारली.

"अगं बाई, हा सब्जा का कोबी?" शेजारची सेवास्ती काचघरात डोकावून म्हणाली. "साकेलारिसने बघितला असता तर लाजला असता!"

कित्येक महिन्यांनी थेमेलिना हसली.

सणाच्या दिवशी पाद्री पापा-नोमिकोसनी क्रुसाची पूजा करून एकेकाच्या हाती थेमेलिनाच्या सब्जाची डहाळी दिली. डहाळी घेणारा सवयीने ती नाकाशी नेई. म्हाताऱ्या कोळ्याने एकदा हुंगलं, पुन्हा हुंगलं, आणि ती खिशात घातली.

"मला सर्दी झालीय वाटतं," सेवास्ती हळूच म्हणाली.

थेमेलिनाने एक पान चुरगाळलं. ओल्या गवतासारखा वास आला. तिने दुसरं चुरगाळलं, तिसरं चुरगाळलं. अंगाने भरलेल्या त्या पानांनी सुगंध धरलाच नव्हता. नवरा रोपं उपाशी का ठेवायचा, ते तिला तिथे, सगळ्यांच्या देखत कळलं. इतकी वर्षं ती त्याला त्यावरूनच टोचत आली होती.

दफनभूमीकडे न वळता ती घरी आली आणि काळ्या पोशाखातच उकिरड्यापाशी बसून तो उपसू लागली. टाकलेल्यांपैकी एका रोपाने कडेच्या राखेत मूळ धरलं होतं. बोटभर काडी, टोकाला एकच पान. खात्री करून घ्यावी म्हणून तिने ते नुसतं दाबलं. पण दाब जास्त झाला, पान चुरडलं गेलं.

दारात तो येऊन उभा राहावा तसा वास आला.

दफनभूमी गावाबाहेर होती. तिथे पोचेपर्यंत बोटांवर काही राहणार नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरीही मूठ घट्ट मिटून ती चालू लागली.