जानरावाची समाधी

या मायबाप, जरा पुढं सरकून बसा. वलगावच्या जानराव टाळकऱ्याची गोष्ट सांगतो. हसू आलं तर खुशाल हसा, पण पुरती ऐका.

सप्ताहाचं कीर्तन रंगात आलं होतं. महाराजांच्या मागं जानराव टाळ घेऊन उभा. तेवढ्यात तुरीच्या वावरातून उठलेलं रानडुक्कर कनात फाडून थेट मंडपात घुसलं. एकच पळापळ! कोणी ओट्यावर, कोणी ट्रॅक्टरवर. खुद्द महाराज पेटीवाल्याच्या पाठीशी दडले. जानराव मात्र जागचा हलला नाही. टाळ छातीशी, डोळे उघडे, पापणीसुद्धा लवेना. डुक्कर त्याच्या धोतराला घासून निघून गेलं.

गावानं ठरवून टाकलं, जानरावाची समाधी लागली होती!

"काल्याच्या दिवशी याले शाल-नारळ देऊ," सप्ताहाचे पुढारी मोतीराम म्हणाले. "आमी सारे पळालो अन् हा देवात बुडून राहिला होता!"

जानराव नाही म्हणाला नाही.

खरं तर त्या वेळी देव त्याला आठवलाही नव्हता. समोरच त्याची बायको मैनाबाई रेटारेटीत पडली होती, "अवो, हात द्या ना" म्हणत होती, आणि याचे गुडघे कुलूप घातल्यासारखे बंद. तिचं मनगट मोडलं. अमरावतीला दवाखान्यात प्लास्टर घातलं. ती कोणापाशी काही बोलली नाही. नवरा खाटेजवळ आला की भिंतीकडं तोंड करी.

भाची रागिणी त्याच दवाखान्यात नर्स. तिच्यापाशी जानरावानं मन मोकळं केलं.

"मामा, जिवावर बेतलं का अंग तुमाले पुसत नाही," ती म्हणाली. "कोणी भिडते, कोणी पळते, कोणी जागीच थिजते. हे मेंदूच करते, तुमचा गुन्हा नाही त्यात."

"मंग मले लाज काहून वाटून राहिली?"

"मोतीरामकाका शालीचं बोलले, तवा तं तोंड मोकळं होतं न तुमचं?"



काल्याच्या दिवशी शाल खांद्यावर पडायच्या आत त्यानं मोतीरामांचा हात धरला. माईक चालूच होता.

"काका, समाधी-बिमाधी काही नव्हती. मी भेलो होतो. बायको हाका मारून राहिली होती, मी नुसता पाहत होतो. मले हालताच आलं नाही."

मागून कोणी ओरडलं, "म्हंजे तू बी आमच्यातलाच निघाला!"

हशा पिकला. जानरावाचे कान तापले. तो तसाच उभा राहिला, हसणं ओसरेपर्यंत.

मग द्रोणात काला घेऊन तो बायांच्या रांगेपाशी गेला. मैनाबाईनं डाव्या हातानं द्रोण घेतला. त्याच्याकडं पाहिलं नाही.

"बसा खाली," एवढंच म्हणाली. "लोक पाहून राहिले."

तर मायबाप, देवाचं नाव घ्याल तेव्हा या मैनाबाईची आठवण असू द्या. ती मोडक्या हातानं पडून होती, आणि सारं गाव तिच्या नवऱ्याच्या समाधीचं कौतुक करत होतं.