आठव्या ओळीतल्या खुंट्या

"मावशी, जरा बघा हो," म्हणत सुरेंद्र सरांनी फळीचा तुकडा मंजुळाबाईंच्या हातात दिला, तेव्हा विजयश्रीचं ओलावा मोजायचं मीटर अजून आकडा दाखवायचं होतं.

मीटरच्या दोन सुया दुसऱ्या फळीत रुतलेल्या होत्या. आकडा स्थिर व्हायला पाच-सहा सेकंद लागतात. तेवढ्यात मंजुळाबाईंनी झाडू काखेत धरला, तुकडा नाकाशी नेला, कडेवर अंगठ्याचं नख दाबून पाहिलं आणि परत दिला.

"आतनं वलं हाय. ही गाडी माघारी धाडा. पंधरा दिसांत भुंगा लागंल."

मीटरवर चोवीस आला.

"मॅडम, किती?"

"चोवीस टक्के."

सर गिऱ्हाईक कंपनीकडून आलेल्या माणसाकडे वळून हसले. "बघा साहेब. आमचं मीटर झाडू मारतं."

फोर्कलिफ्टवर बसलेला सुजित खदखदून हसला. "मावशी, पगार वाढवून मागा राव! मीटरची बॅटरी तरी बदलायला लागती, तुमचं तेबी न्हाई."

"गप रं," मंजुळाबाई म्हणाल्या आणि पुन्हा भुसा लोटायला लागल्या.

विजयश्रीनं रजिस्टर उघडलं. तारीख, गाडीचा नंबर, २४. वेळही लिहिली, अकरा वाजून सात मिनिटं. वेळेचा रकाना रजिस्टरात नव्हता.

एकोणीस वर्षं ती महाळुंग्याच्या या कारखान्यात होती. पत्र्याची एक शेड आणि दोन करवती होत्या तेव्हापासून. आता यंत्रांचे सुटे भाग परदेशी नेणारी लाकडी खोकी आणि पॅलेट इथून रोज चार ट्रक भरून जात. कासारवाडीहून सकाळी सातला निघायचं, प्रयोगशाळा म्हणवल्या जाणाऱ्या दहा बाय बाराच्या खोलीचं कुलूप काढायचं. वनस्पतिशास्त्राची एम.एस्सी. असलेली अख्ख्या कारखान्यात ती एकटी. एकोणीस वर्षं ती 'मॅडम' होती. मंजुळाबाई चार वर्षांत 'मावशी' झाल्या होत्या.

मंजुळाबाई मावळातल्या, परटाच्या घरच्या. नवरा गेला, नदीवरचं काम संपलं, तशा कारखान्यात झाडायला लागल्या. झाडू कोणी पळवू नये म्हणून त्याच्या दांड्यावर त्यांनी बिब्याच्या तेलानं खूण केली होती, एक उभी रेघ आणि शेजारी दोन ठिपके. सुजितनं एकदा विचारलं होतं, "मावशी, ही काय सही काय?"

"गावातल्या परत्येक घरच्या कापडाला आमी येगळी खूण करायचो. ही आमच्या सोताच्या घरची. बिब्याची खूण हाय, कापड फाटंल पर खूण जायची न्हाई."

विजयश्रीला त्यांचा राग येत नव्हता. राग आला असता तर सोपं होतं. मंजुळाबाई बोलायला नम्र होत्या, चहाचा कप स्वतः विसळून ठेवत. विजयश्रीला सलायचा तो त्यांचा अंगठा. दोन सुया आणि एक पडदा यांच्या आधी लाकडाच्या आत पोचणारा. कधीकधी खोलीचं दार लावून ती स्वतः एखादा तुकडा नाकाशी नेई. लाकडाचा वास येई, बाकी काही नाही.

शेडच्या मागे, कुंपणाला लागून, तिचं आणखी एक राज्य होतं. वाळवीनं भरलेल्या त्या मोकळ्या जमिनीत तिनं बारा वर्षांपूर्वी खुंट्या पुरायला सुरुवात केली होती. आंब्याच्या लाकडाच्या, वीतभर लांब, निम्म्या मातीत आणि निम्म्या वर. प्रत्येक ओळीला वेगळा लेप. प्रत्येक खुंटीला तांब्याच्या तारेनं बांधलेला नंबराचा पत्रा. तीन वर्षं झाली की त्या उपसायच्या, बोथट सुईनं टोचून पाहायच्या आणि गुण द्यायचे. धडधाकट लाकडाला दहा, हातात चुरा झाला तर शून्य. लाकूड किती टिकतं हे शोधायची जगभरची रीत हीच, पण कामगार त्या जागेला 'मॅडमचं स्मशान' म्हणत.

सातवी ओळ तिची लाडकी. कडुनिंबाच्या बियांचं तेल आणि आणखी दोन गोष्टी, प्रमाण तिनं स्वतः ठरवलेलं. रसायनाशिवाय टिकणारं लाकूड हवं अशी मागणी परदेशी गिऱ्हाइकांकडून यायला लागली होती. सातवी ओळ तीन वर्षं टिकली की कारखान्याकडे स्वतःची कृती असणार होती आणि तिच्यावर विजयश्रीचं नाव.

आठवी ओळ सातवीच्याच वर्षी, पावसाळा संपल्यावर आली. पावसाच्या तोंडावर सर मजेत म्हणाले होते, "मावशींच्याही लावा की तीन खुंट्या. बघू तर."

मंजुळाबाईंनी मजेत घेतलं नाही. आंब्याच्या तीन खुंट्या त्यांनी त्या पावसाळ्यात गावच्या ओढ्यात पुरून ठेवल्या. "पावसाळाभर चिखलात ऱ्हाऊ द्यायचं, बाई. लाकडातलं गोड निघून जातं. मग वाळवीला खायला काय ऱ्हायलं? मग सावलीत वाळवायचं, उन्हात न्हाई. आन् करंजीचं तेल, कढत कढत."

विजयश्रीनं रजिस्टरात लिहिलं होतं, 'आठवी ओळ: पारंपरिक.' एवढंच.

मंजुळाबाईंनी खुंट्या स्वतः ठोकल्या. वर पत्रे विजयश्रीनं बांधले.

आता तीन वर्षं झाली होती. आणि शुक्रवारी तिथं जेसीबी येणार होता. स्मशानाच्या जागी नवी शेड होणार होती.

"शेवटचं उपसून घ्या मॅडम," सर म्हणाले होते. "सातव्या ओळीचं काय होतं ते मला पाहिजेच. आणि मावशींचंही बघा. त्यांच्या टिकल्या तर झाडू सोडवतो त्यांचा. तुमच्या खोलीत एक खुर्ची टाकू. तुम्हालाही मदत होईल."

तुमच्या खोलीत एक खुर्ची. ते वाक्य विजयश्री आठवडाभर कासारवाडीपर्यंत घेऊन गेली आणि सकाळी परत घेऊन आली. दहा बाय बाराच्या खोलीत दुसरी खुर्ची दारापाशीच बसली असती. येणारा माणूस आधी तिच्याशी बोलला असता.

गुरुवारी कारखान्याला सुट्टी असते. ती दहा वाजता आली, वॉचमननं फाटक उघडलं. शेडमध्ये करवती थंड होत्या. तिनं गोणपाट अंथरलं, सुई काढली आणि सातव्या ओळीची पहिली खुंटी धरून ओढली.

खुंटी वरच्यावर आली. खालचा अर्धा भाग मातीतच राहिला. हातात आलं त्याच्या आत कागदासारख्या पातळ भिंती होत्या आणि त्यांच्यामधून पांढरी वाळवी पळत होती.

दुसरी तशीच. तिसरी बाहेर अखंड आली, पण सुई दाबली तशी मुठीपर्यंत आत गेली.

शून्य, शून्य, दोन.

विजयश्री बराच वेळ उकिडवी बसून राहिली. गुडघे दुखायला लागले तेव्हा ती आठव्या ओळीकडे सरकली. पहिली खुंटी निघेना. तिला दोन्ही हातांनी हलवावी लागली. निघाली ती जड, मातीनं माखलेली, पुरी. सुई टोचली. सुई थांबली. दुसरीकडून टोचली. थांबली. एका कडेला वाळवीनं चाटल्यासारखं केलं होतं आणि सोडून दिलं होतं.

नऊ, नऊ, आठ.

लाकडातलं गोड. म्हणजे पिष्ट आणि साखर. चिखलाच्या पाण्यात ते विरघळत जातं, जिवाणू उरलंसुरलं फस्त करतात. उरलेल्या मोकळ्या पोकळ्यांत तेल खोल शिरतं. विजयश्रीला हे सगळं त्या एका क्षणात कळलं, आणि हेही की तीन वर्षांपूर्वी ऐकलं तेव्हाच ते कळायला हवं होतं. शिकलेली ती होती.

आसपास कोणी नव्हतं. कुंपणापलीकडून ट्रेलर जात होते.

तांब्याची तार मऊ असते. उलट पीळ दिला की सुटते. तिनं सहा पत्रे सोडले, गोणपाटावर मांडले आणि सहाच्या सहा बांधले. सातव्याचे आठव्याला, आठव्याचे सातव्याला. तारेचे पीळ पहिल्यासारखेच पाच-पाच दिले. नंतर रजिस्टरात गुण लिहिले. अक्षर नेहमीसारखंच आलं.

शुक्रवारी सकाळी सर आणि सुजित मागे आले. जेसीबी घरघरत उभा होता.

"काय सांगता!" सर खुंटी हातात तोलत म्हणाले. "मॅडम, मानलं तुम्हाला. बारा वर्षं!"

"मावशी, तुमचा तर पार भुगा झाला की," सुजित म्हणाला. "आता झाडू हाच खरा सोबती."

मंजुळाबाई पुढे आल्या. त्यांनी भुगा झालेल्या खुंटीकडे पाहिलं. मग सरांच्या हातातली धडधाकट खुंटी घेतली. नाकाशी नेली.

या नाकाचा विचार विजयश्रीनं केलाच नव्हता. मीटर, सुई, पत्रे, तार सगळ्याचा केला होता.

मंजुळाबाईंनी वास घेतला, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मग खुंटी सरांना दिली, विजयश्रीला नाही.

"चांगली टिकली," त्या म्हणाल्या. एवढंच.

त्यांना कळलं की नाही, हे विजयश्रीला त्या दिवशी ठरवता आलं नाही. तीन वर्षं मातीत राहिलेल्या तेलाला वास उरतो का? उरत नसावा. तिनं पुस्तक काढून पाहिलं, त्यात उत्तर नव्हतं.

सरांनी कृती मागितली. ती कागदावर उतरवताना विजयश्रीचा हात पहिल्या ओळीपाशी थबकला. कडुनिंबाची कृती दिली तर पॅलेट दोन वर्षांत कुजणार. तिनं लिहिलं: एक, लाकूड चार महिने चिखलात मुरवणे. दोन, सावलीत वाळवणे. तीन, करंजीचं तेल, गरम.

"तुम्ही कडुनिंब म्हणाला होतात ना?" सरांनी विचारलं.

"सुधारणा केली होती नंतर."

महिन्याभरात मागच्या कोपऱ्यात चिखलाचा हौद झाला. फळ्या बुडवायला माणूस हवा होता आणि मंजुळाबाई गुडघाभर चिखलात उतरल्या. विजयश्री काठावर कागद घेऊन उभी.

"आडव्या ठेवा, एकावर एक," तिनं सांगितलं.

"एकावर एक न्हाई बाई. मधी फट पायजे. पानी फिराया नगं?"

"बरं. फट ठेवा."

मंजुळाबाईंनी एक फळी दाबली, हातावरचा चिखल निपटला. "त्येल करंजीचंच लिवलंय न्हवं?" खाली बघतच त्यांनी विचारलं. "कडुनिंबानं काय हुयाचं न्हाई, म्हणून इचारलं."

"करंजीचंच."

"मग टिकंल."

त्यांच्या आवाजात काही नव्हतं. विजयश्रीनं घरी जाताना बसमध्ये तो आवाज पुन्हा पुन्हा ऐकला. त्यात टोमणा शोधला, दुःख शोधलं. एखादी शिवी सापडली असती तरी तिला बरं वाटलं असतं. नाक त्यांचं, अंगठा त्यांचा, आणि आता हे गप्प बसणंही त्यांचंच. त्यातलं काहीही तिला जमलं नसतं.

मोशीच्या प्रदर्शनात कारखान्याचं दालन असणार होतं आणि तिथून गिऱ्हाइकं कारखाना बघायला येणार होती. सरांनी प्रयोगशाळेत काचेचं कपाट करून घेतलं आणि प्रदर्शनाआधी त्यात ठेवायला एक खुंटी मागितली. खाली पाटी तयार होती: 'तीन वर्षं मातीत. कृती: विजयश्री मॅडम.'

ठेवण्याआधी खुंटी धुवायला हवी होती. तिनं नळाखाली धरून दात घासायच्या जुन्या ब्रशानं माती काढली. आंब्याचं फिकट लाकूड हळूहळू उघडं झालं. शेवटी तिनं बुडाकडचं टोक वर केलं, जे मातीत सगळ्यात खाली होतं.

टोकावर काळी रेघ होती. शेजारी दोन ठिपके.

आधी तिला वाटलं, बुरशी असेल. नखानं खरवडलं. मग सँडपेपर घेतला, आधी बारीक, मग खरखरीत. लाकडाची पूड ओट्यावर साचत गेली. रेघ जराही फिकी झाली नाही. बिब्याचं तेल त्या टोकातून लाकडाच्या नळ्यांत आत उतरलं होतं, किती खोल ते कापल्याशिवाय कळलं नसतं. आणि करवत सगळ्यांच्या देखत चालवावी लागली असती.

तिनं खुंटी कपाटात उभी केली. खूण खाली.

शनिवारी मंजुळाबाई प्रयोगशाळा झाडतात. त्या शनिवारी फरशी पुसून झाल्यावर त्यांनी काचेच्या कपाटाचं दार सरकवलं. विजयश्री टेबलाशी बसली होती, पुढ्यात रजिस्टर उघडं.

मंजुळाबाईंनी फडक्यानं पाटी पुसली. मग खुंटी उचलली, आडवी धरली, सगळ्या बाजूंनी पुसली. मग उलटी केली. सँडपेपरनं घासून पांढऱ्या पडलेल्या टोकाकडे आणि त्यावरच्या काळ्या खुणेकडे त्यांनी पाहिलं. त्यावरून अंगठा फिरवला, गाडीतली फळी तपासताना फिरवत तसा.

विजयश्रीच्या हातातलं पेन कागदावर टेकलेलं होतं. तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"बाई," मंजुळाबाई म्हणाल्या, "टोकाला त्येल लावून ठिवा. घासल्यालं लाकूड पानी वढतं."

त्यांनी खुंटी होती तिथं ठेवली. खूण खाली, पाटीच्या बरोबर मागे. दार सरकवलं, काचेवर उठलेला आपल्या बोटाचा ठसा फडक्यानं पुसला आणि दाराशी टेकवलेला झाडू घेऊन त्या शेडमध्ये गेल्या.