उन्हात वाळत घातलेल्या बाटल्या

मेहनाज पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पेप्टाइड बनवायची, म्हणजे प्रथिनासारख्या छोट्या साखळ्या. तिच्या साखळ्यांवर अतिनील प्रकाश पडला की त्या वाकायच्या. निळा पडला की पुन्हा सरळ व्हायच्या. दोन वर्षांच्या कामाच्या सहा इवल्या बाटल्या भरल्या होत्या.

दुरुस्तीसाठी प्रयोगशाळेची वीज दोन दिवस बंद राहणार होती. मार्गदर्शक नूतन मॅडमना विचारून तिनं बाटल्या चंदेरी कागदात गुंडाळल्या, बर्फाच्या डब्यात घातल्या आणि एसटीनं भोरला घरी आणल्या.

दुसऱ्या दिवशी ती वेल्ह्याला खालाकडे, म्हणजे मावशीकडे, जाऊन दुपारी परतली, तर बाटल्या गच्चीवर उघड्या उन्हात ओळीनं मांडलेल्या.

"अम्मी, हे काय केलंस?"

"बर्फ वितळून डबा गळत हुता. कागद भिजल्याला, म्हून काढला. पुसून वाळत घातल्या सकाळीच," साबिरा म्हणाली. तिचा चेहरा बघता बघता उतरला. "काय बिघडलं का गं?"

मेहनाज पायरीवरच बसली. साखळ्या नुसत्या वाकल्या असतील, तर सरळ करता येतील. पण एवढ्या उन्हानं तुटल्या असतील, तर सगळं गेलं. नुसत्या डोळ्यांना काहीच कळणार नव्हतं.

"अंधारात ठेव, नवा बर्फ घाल," मॅडम फोनवर म्हणाल्या. "वीज परवा सकाळी येतेय. तपासल्याशिवाय रडायचं नाही."

त्या सकाळी साबिराही पुण्याला निघाली. "म्या केलंय, म्या येनार," एवढंच म्हणाली आणि प्रयोगशाळेबाहेरच्या बाकावर पदर आवळून बसली.

मेहनाजनं पहिली बाटली यंत्रात लावली. पडद्यावरची रेघ खाली पडलेली होती, म्हणजे साखळ्या सरळ नव्हत्या. तिनं निळा दिवा लावला. मिनिटभर काहीच नाही. मग रेघ हळूहळू वर चढायला लागली आणि जुन्या जागी जाऊन थांबली. दुसरी बाटली तशीच, तिसरीही. सहावी झाल्यावर तिला हसू आवरेना, आणि डोळेही पुसावे लागले.

"सगळ्या सरळ झाल्या, अम्मी! एकही तुटली नाही!"

"अल्ला!" साबिरानं केवढा तरी श्वास सोडला.

मॅडमनी तिला आत बोलावून खुर्ची दिली. "खऱ्या उन्हात इतका वेळ ठेवून बघायचं आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आता हेही प्रबंधात लिहू."

मेहनाजनं अम्मीसमोर एक साखळी वाकवली, सरळ केली. साबिरा पडद्याकडं टक लावून बघत राहिली.

"आनी येकदा कर की," ती म्हणाली.